मांजर आणि अंगणातले पक्षी: या चुका टाळा

अंगणात कितीही जातींचे पक्षी येवोत, मांजराच्या तावडीत सापडतात ते बहुतेक वेळा होला, बुलबुल, दयाळ आणि शिंपी. तांबट क्वचितच. फरक ताकदीचा नाही, सवयींचा आहे. तांबट उंच फांद्यांवरची फळं खातो आणि पिल्लं झाडाच्या ढोलीत वाढवतो. होला मात्र मान खाली घालून जमिनीवर दाणे टिपतो. बुलबुल हाताला लागेल अशा उंचीवर उघडं, वाटीसारखं घरटं करतो, कधी तर कुंडीतल्या झाडात. जमिनीवर वावरणाऱ्या पक्ष्याचं काय होतं पाहा: न्यूझीलंडच्या स्टीफन्स बेटावरच्या रेन नावाच्या चिमुकल्या पक्ष्याला उडताच येत नव्हतं. १८९४ साली तिथं दीपगृह सुरू झालं, त्याच सुमारास मांजरं आली आणि काही वर्षांतच ती जात संपली.

झुडपालगत दाणा-पाणी
ही सगळ्यात घातक चूक. मांजर लांबवर पाठलाग करत नाही. आडोशाने सरकत येतं आणि शेवटच्या एक-दोन मीटरवर झेप घेतं. म्हणून भांडं झुडूप, कट्टा, भिंत यांपासून दोन-तीन मीटर लांब हवं, तेही दीड-दोन मीटर उंच गुळगुळीत लोखंडी पाइपवर. खरखरीत लाकडी खांबावर मांजर सहज चढतं. पाणी तीन-चार सेंटिमीटरच खोल ठेवा. आंघोळीने पंख ओले झाले की पक्ष्याला चटकन उडता येत नाही. खाली सांडलेले दाणे रोज झाडून घ्या, नाहीतर होले तिथंच उतरतात.

विणीच्या दिवसांत छाटणी
बुलबुलाची पिल्लं साधारण दोन आठवड्यांत घरट्याबाहेर येतात, पण नीट उडायला त्यांना आणखी काही दिवस लागतात. मार्च ते जूनमध्ये कुंपण छाटलं की त्यांचा आडोसाच जातो. फोटोसाठी पानं बाजूला सारणंही नकोच.

'पडलेलं' पिल्लू घरात आणणं
अंगभर पिसं, आखूड शेपूट, टुणटुण उड्या: असं पिल्लू पडलेलं नसतं, उडायला शिकत असतं. आईबाप जवळच असतात. त्याला उचलून जवळच्या दाट फांदीवर ठेवा आणि आठवडाभर मांजर घरात ठेवा.

घुंगरावर भिस्त
२०२१ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधल्या एका अभ्यासात मांजराच्या गळ्यातल्या घुंगरामुळे शिकारीत ठळक फरक दिसला नाही. मांसातली प्रथिनं भरपूर असलेलं खाणं दिल्यावर मांजरांनी घरी आणलेली शिकार ३६ टक्क्यांनी घटली, आणि रोज ५ ते १० मिनिटं खेळवल्यावर २५ टक्क्यांनी. दोरीला बांधलेलं पीस पुरे, पण शेवटी ते मांजराला पकडू द्या. तरीही पहाटे आणि तिन्हीसांजेला दार बंदच हवं. घरातलं मांजर पक्षी मारू शकत नाही, एवढा खात्रीचा उपाय दुसरा नाही.

'रक्त नाही, म्हणजे ठीक आहे'
मांजराचे दात सुईसारखे असतात. जखम पिसांखाली दिसत नाही, आणि लाळेतल्या जिवाणूंमुळे पक्षी एक-दोन दिवसांत मरू शकतो. मांजराने धरलेला पक्षी झाकणाला भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, उबेत ठेवा. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. प्रतिजैविक काही तासांतच सुरू व्हायला हवं, म्हणून लगेच पशुवैद्याकडे न्या किंवा वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करा.