शुगरचा सेन्सर लावलाय? मग या चुका टाळा

परवा एक काकू आल्या, अगदी रडवेल्या झालेल्या. दंडावर सेन्सर, म्हणजे दिवसरात्र शुगर मोजून मोबाईलवर आकडा दाखवणारी छोटी चकती, लावून तीन दिवस झालेले आणि दोन रात्री अडीच-तीनला मोबाईल वाजला, शुगर 58, शुगर 55, मग सगळं घर उठलं, साखरपाणी दिलं आणि सकाळी बघतात तर 260. मी विचारलं, झोपता कुठल्या कुशीवर? तर ज्या दंडाला सेन्सर त्याच कुशीवर. दंड अंगाखाली दाबला गेला की सेन्सर खोटी लो शुगर दाखवतो, कूस बदलली की आकडा थोड्या वेळात आपला आपण वर येतो. म्हणून रात्री अलार्म वाजला तर आधी कूस बदला आणि बोटाला टोचून खात्री करा. पण घाम सुटलाय, हातपाय थरथरताहेत, बोलणं अडखळतंय असं असेल किंवा मीटर हाताशी नसेल तर तपासत बसू नका, सरळ साखर घ्या.

मीटरवर 142 आणि सेन्सरवर 160, म्हणजे सेन्सर खराब, असं म्हणून लोक पहिल्याच दिवशी काढून टाकतात, इतका महागाचा सेन्सर, जीव तुटतो हो माझा. सेन्सर रक्तातली शुगर मोजतच नाही, तो कातडीखालच्या द्रवातली मोजतो, आणि रक्तातला बदल तिथं पोचायला साधारण 5 ते 10 मिनिटं लागतात. त्यामुळे जेवल्यावर, चालून आल्यावर फरक दिसणारच. त्यात पहिले 24 तास आकडे जरा इकडेतिकडे होतात. शरीराला वेगळं वाटतंय आणि आकडा वेगळाच सांगतोय, तर बोटाला टोचून बघा.

हाच उशीर लो शुगरमध्ये नडतो. 3 चमचे साखर पाण्यातून घेतली, पाच मिनिटांनी सेन्सर अजून 62च, की लगेच अजून साखर, वर एक पेढा, दोन बिस्किटं. थांबा ना 15 मिनिटं! मग मीटरवर तपासा, 70 च्या खाली असेल तरच परत घ्या.

पण मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती उलट्या चुकीची. जेवणाआधी इन्शुलिन घेतलं, तासाभराने 240 दिसलं, घाबरून अजून 6 युनिट, परत तासाने अजून. अहो पहिल्या डोसचं काम अजून चालूच आहे, जेवणाआधीचं जलद इन्शुलिन तीन-चार तास काम करतं, सगळे डोस एकावर एक चढतात आणि संध्याकाळी माणूस एकदम खाली येतो. जादा डोस कधी आणि किती, हे डॉक्टरांकडून आधीच कागदावर लिहून घ्या.

आकड्यापेक्षा त्याच्या शेजारचा बाण, म्हणजे शुगर वर चाललीय की खाली, ते बघायची सवय लावा. 110 आणि बाण आडवा, तर निवांत. तेच 110 आणि बाण सरळ खाली, आणि तुम्ही गाडी काढताय? आधी काहीतरी खा. हे घरातल्यांनाही शिकवा, नाहीतर सून म्हणते, आई, 110 तर आहे, चांगलीच आहे की.

लावताना दंडाला खोबरेल तेल नको, साबणाने धुवून पूर्ण कोरडा करा, नाहीतर चार दिवसांत सुटतो. बायकांनी घट्ट बाहीचा ब्लाऊज जपून काढायचा, माझ्याकडचे कितीतरी सेन्सर तिथेच निघालेत. एमआरआय असेल तर तिथल्या लोकांना सेन्सर लावलाय हे आधीच सांगा, काही सेन्सर काढावे लागतात. आणि व्हिटॅमिन सीच्या चघळायच्या गोळ्या, दिवसाला 500 मिलीग्रॅमच्या वर गेल्या तर काही सेन्सर शुगर खोटी जास्त दाखवतात, म्हणजे खरी लो झाकली जाते, म्हणून चालू असतील तर डॉक्टरांना सांगाच.

आणि खाल्लेलं लिहून ठेवा, एवढं ऐका माझं. एका आजोबांचा आलेख दर सोमवारी वर जायचा, गोळ्या वाढवायचं चाललेलं, वहीत बघितलं तर सोमवारी उपवास आणि दोन वेळा साबुदाण्याची खिचडी. गोळ्या होत्या तेवढ्याच राहिल्या, आता ते उपवासाला भगर आणि दाण्याची आमटी थोडीशीच खातात आणि जेवल्यावर अर्धा तास चालतात.