नकाशा कोणताही असो, झूमची रीत एकच असावी

मराठवाड्याच्या ७६ तालुक्यांचा पर्जन्यनकाशा आणि जायकवाडीच्या पाणीसाठ्याचा आलेख एकाच संकेतस्थळावर असतील व दोहोंत चित्र मोठे करण्याची रीत वेगळी असेल, तर वाचकाला प्रत्येक चित्र नव्याने शिकावे लागते. एसव्हीजी या वेबवरील रेखाचित्रांच्या स्वरूपाच्या २००१ च्या पहिल्या आवृत्तीत झूम व सरकवण्यासाठी एक गुणधर्म होता. पण ब्राउझरांकडून त्यासाठी एकसारखी बटणे मिळाली नाहीत. त्यामुळे ही एकवाक्यता आपल्यालाच आणावी लागते.

अधिक, उणे, ‘पूर्ण चित्र’ आणि चार दिशांचे बाण एवढीच बटणे घ्यावीत व ती प्रत्येक चित्रात त्याच कोपऱ्यात ठेवावीत. ज्यांना ओढणे किंवा दोन बोटांची चिमूट जमत नाही, त्यांचे सारे काम बटणांवर भागले पाहिजे. सुगम्यतेच्या डब्ल्यूसीएजी २.२ या निकषांत बटणाचा किमान आकार २४ पिक्सेल आहे. मी ४४ ठेवतो, कारण शेतात उभे राहून फोन पाहणाऱ्याचे बोट नेमके पडत नाही.

सर्वांत जास्त काळजी पानाच्या स्क्रोलची घ्यावी. मी केलेला पहिला तालुकानकाशा बीडजवळ राहणाऱ्या माझ्या मामांनी फोनवर उघडला, तेव्हा नकाशाने सारा पडदा व्यापला होता. त्यांनी बोट वर सरकवले की पान जागचे हलत नसे, नकाशाच वर जाई, आणि खालचा तक्ता त्यांना दिसलाच नाही. म्हणून चित्राच्या टच-अॅक्शनला (बोटाची कोणती हालचाल ब्राउझरने हाताळावी हे ठरवणाऱ्या सीएसएस गुणधर्माला) ‘पॅन-वाय’ हे मूल्य द्यावे, म्हणजे एका बोटाची उभी हालचाल पानाकडे राहते आणि चिमूट चित्राकडे येते. संगणकावर माऊसच्या चाकाने झूम फक्त कंट्रोल दाबलेले असतानाच व्हावा. टचपॅडवरील चिमूटही क्रोम व फायरफॉक्समध्ये कंट्रोलसह फिरलेले चाक म्हणूनच कळते, त्यामुळे एकाच अटीत दोन्ही कामे होतात. मात्र चाकाची हालचाल ऐकणारा हा लिसनर पॅसिव्ह, म्हणजे ब्राउझरची मूळ कृती रोखू न शकणारा, ठेवू नये, नाहीतर चित्राऐवजी पानच मोठे होईल.

झूम करताना कर्सरखालचा बिंदू जागीच राहिला पाहिजे. चित्र मूळ जागेपासून किती पिक्सेल हलले ते ‘सरकणे’ आणि किती पट मोठे झाले ते ‘प्रमाण’ धरले, तर सूत्र असे: नवे सरकणे = कर्सर − (कर्सर − जुने सरकणे) × (नवे प्रमाण ÷ जुने प्रमाण). कर्सर ३०० वर, सरकणे ० आणि प्रमाण १ वरून २ झाले, तर नवे सरकणे −३०० येते आणि कर्सरखाली परळी असेल तर ती जिथे होती तिथेच राहते. बटणाने झूम केल्यास कर्सरच्या जागी चित्राचा मध्य धरावा. सीमारेषा जाड होऊ नयेत म्हणून त्यांना ‘नॉन-स्केलिंग-स्ट्रोक’ हे झूममध्येही रेषेची जाडी तीच ठेवणारे एसव्हीजीचे मूल्य लावावे.

कळफलकावर अधिक, उणे, शून्य व बाणांच्या कळा बटणांचेच काम करतील. पण फोकस (कळा ज्या भागाकडे जातात ती निवड) चित्रावर असेल तेव्हाच, अन्यथा पानाचे बाण आपण हिरावून घेतो.