क्लायंबिंगच्या सल्लागार समितीवर जायचंय? मग हे वाचून अर्ज करा

पहिलीच गोष्ट, तुम्ही किती अवघड रूट, म्हणजे कातळावरचा चढायचा ठरलेला मार्ग, चढता हे समितीत कुणी विचारत नाही. मला वाटलेलं विचारतील, म्हणून अर्जात मी माझे सगळे ग्रेड, म्हणजे किती अवघड रूट चढले त्याच्या श्रेणी, ओळीने लिहून टाकले आणि नंतर कळलं की तो परिच्छेद वाचून दोघंजण हसले होते. त्यांना हवं होतं असं कोणीतरी ज्याला एक्सेल शीट नीट ठेवता येते, जमीनमालकाशी अर्धा तास न चिडता बोलता येतं आणि जे महिन्यातून एका रविवारी कातळ सोडून मीटिंगला येऊन बसेल. तुम्ही अकाउंट्स बघत असाल, नकाशे बनवत असाल, नर्स असाल, पक्षी ओळखत असाल, तर अर्जात ते आधी लिहा, ग्रेड राहू दे.

आता सल्लागार समिती म्हणजे काय ते नीट समजून घ्या, कारण निम्मी भांडणं इथूनच सुरू होतात. निर्णय घेणारे वेगळे असतात, म्हणजे संस्थेची कार्यकारिणी किंवा जमीन ज्याच्या ताब्यात आहे तो, आपण फक्त शिफारस करतो. तुमची शिफारस बाजूला ठेवली जाऊ शकते आणि तरी पुढच्या महिन्यात तुम्हाला परत जायचं असतं, हे जमणार नसेल तर बोल्ट, म्हणजे दोर अडकवायला दगडात ठोकलेले खिळे, बदलणाऱ्या टीममध्ये जा, तिथे निदान संध्याकाळी काम झालेलं डोळ्यांना दिसतं. म्हणून अर्ज करायच्या आधी दोन-तीन मीटिंगना नुसतं मागे बसून या आणि मागच्या वर्षाची इतिवृत्तं मागून वाचा. तीच ती तक्रार प्रत्येक महिन्यात दिसली तर समजा की इथे बोलतात खूप आणि पाठपुरावा कोणीच करत नाही. जाण्यापूर्वी हेही विचारा की मुदत किती वर्षांची, महिन्याला साधारण किती तास जातात, आणि समितीच्या कामात काही झालं तर विम्यात स्वयंसेवक धरलेत का. विम्याचं विचारायला लाज वाटते, पण विचाराच.

पहिले तीन महिने फार बोलू नका. एक वही ठेवा आणि कातळावर वेगवेगळ्या वेळी जा, कारण रविवारी सकाळी भेटणारे लोक वेगळे आणि मंगळवारी संध्याकाळी भेटणारे वेगळे. लहान मुलांना घेऊन येणारे आईबाप, कालच बिले, म्हणजे चढणाऱ्याचा दोर खालून सांभाळणं, शिकलेले नवखे, तिथले सुरुवातीचे रूट काढलेले जुने लोक, शिवाय जे यायचे पण आता येत नाहीत ते. हे शेवटचे सगळ्यात महत्त्वाचे, त्यांना फोन करा, का सोडलं विचारा. मला एकीने सांगितलं की टॉप रोप, म्हणजे वरून सोडलेला दोर, लावून चार-चार तास एकच ग्रुप भिंत अडवून बसतो आणि विचारलं तर टोमणे मारतो. हे कुठल्याच इतिवृत्तात नव्हतं.

आता बोल्टबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण समितीवर आलात की लोक सगळ्यात आधी याच्याबद्दलच फोटो पाठवतात. एक दिवस मला असाच फोटो आला, हँगरच्या, म्हणजे बोल्टवर बसवलेल्या दोर अडकवायच्या पट्टीच्या, खाली दगडावर तपकिरी ओघळ, आणि खाली लिहिलेलं, हे सेफ आहे का सांग. मी फोटो बघूनच उत्साहात लिहून मोकळी झाले की हो दिसतंय ठीक. दोन आठवड्यांनी स्वतः वर जाऊन बघितलं तर हँगर बोटाने गोल फिरत होता आणि नट हाताने सुटला, पानासुद्धा काढावा लागला नाही. कुणाला काही झालं नाही हे नशीब. त्या दिवसापासून मी समितीच्या वतीने सेफ हा शब्दच लिहीत नाही. काय लिहायचं तर अमुक तारखेला अमक्याने पाहिला, हँगर फिरतो, नट ढिला, गंज अमुक ठिकाणी, अमक्याला कळवलं. एवढंच. फोटोवरून बोल्टच्या आतलं काहीही कळत नाही, कारण खरा बोल्ट दगडाच्या आत असतो आणि आपल्याला दिसतं ते फक्त त्याचं तोंड.

थोडं तांत्रिकही माहीत असू द्या, म्हणजे मीटिंगमध्ये कुणी गुंडाळणार नाही. क्लायंबिंग अँकरसाठी, म्हणजे दगडात बसवलेल्या अशा बोल्टसाठी, युरोपचं ईएन ९५९ आणि युआयएए या आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण महासंघाचं युआयएए १२३ अशी मानकं आहेत, त्यात भिंतीला समांतर ओढीला अँकरने २५ किलोन्यूटन तरी धरलं पाहिजे, म्हणजे ढोबळमानाने अडीच टन. पण हा आकडा नव्या मालाचा आणि चांगल्या दगडात बसवलेल्याचा. झिंकचा मुलामा दिलेल्या साध्या स्टीलच्या बोल्टवर स्टेनलेसचा हँगर बसवला की ओलाव्यात दोन धातूंची जोडी जमते आणि साधा बोल्ट लवकर गंजतो, आणि स्वस्तात पडतं म्हणून अशा जोड्या जुन्या रूटवर भरपूर सापडतात. समुद्राजवळ तर स्टेनलेससुद्धा बाहेरून चकचकीत दिसत असताना आतून तडकू शकतं, म्हणून तिथे टायटॅनियम वापरतात, जे महाग आहे. तर मीटिंगमध्ये कुणी म्हणालं की यावेळी स्वस्तातले घेऊ, तर विचारा की हे परत किती वर्षांनी काढायला लागतील आणि तेव्हा भोक पाडायला कोण जाणार. ढिला नट दिसला की लगेच जोर लावून आवळणारेही असतात, त्यांना थांबवा, जास्त आवळूनही बोल्ट तुटतो, किती टॉर्क, म्हणजे आवळायचा जोर, द्यायचा ते बनवणाऱ्याने सांगितलेलं असतं.

जुन्या रूटवर नवे बोल्ट मारायचे का, यावर मात्र तुम्ही कितीही वाचून गेलात तरी भांडण होणारच. बऱ्याच ठिकाणचा रिवाज असा की जो पहिल्यांदा चढला त्याला आधी विचारायचं. माझं मत, विचारा, आणि उत्तर लेखी घ्या, कारण पाच वर्षांनी तोच माणूस मी असं म्हणालोच नव्हतो म्हणतो. आणि विषय तुमच्या स्वतःच्या रूटचा असेल, किंवा तुम्ही पैसे घेऊन गाइडिंग करता आणि विषय ग्रुप किती मोठा असावा हा असेल, तर आधीच सांगून मतदानाच्या वेळी बाहेर जा. कुणी सांगायची वाट बघू नका.

पण बोल्टपेक्षाही सांभाळायची गोष्ट म्हणजे कातळावर जायची परवानगी. बोल्ट बदलता येतो, जमीनमालकाचा उडालेला विश्वास बदलून मिळत नाही. माझी दुसरी चूक इथली. एका वाटेबद्दल मालकाशी बोलणं चालू होतं, अजून काही ठरलं नव्हतं, आणि मी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं की पुढच्या महिन्यापासून नवी वाट मिळतेय. त्याला ते माझ्याआधी दुसऱ्याच कुणीतरी दाखवलं. पुढचे चार महिने त्याने आमचे फोन घेतले नाहीत, त्याच्या जागी मी असते तर मीही घेतले नसते. तेव्हापासून आमचा नियम, मालकाशी एकच माणूस बोलणार, आणि ठरलेलं कागदावर येईपर्यंत ग्रुपवर अवाक्षर नाही.

काही काळ कातळ बंद ठेवायची वेळ येतेच, पेरेग्रीन ससाण्यासारखे पक्षी कड्यावर घरटी करतात तेव्हा, किंवा वाळूचा दगड पावसाने ओला असतो तेव्हा, कारण ओला वाळूचा दगड कमजोर होतो आणि होल्ड, म्हणजे धरायची कपार, तुटून हातात येतो, वरून कोरडा दिसला तरी आत ओल असते. नुसता बंद असा बोर्ड लावला तर लोक चिडतात. कारण लिहा, कुठून कुठपर्यंत ते फोटोवर रेघ मारून दाखवा, आणि उघडायची तारीख किंवा पुन्हा कधी बघणार ते लिहा. पिल्लं लवकर उडून गेली तर त्याच दिवशी उघडल्याचं कळवा, म्हणजे पुढच्या वर्षी लोक ऐकतात. अमेरिकेतल्या डेव्हिल्स टॉवर या कातळावर मूळनिवासी लोकांच्या जूनमधल्या विधींसाठी १९९५ पासून त्या महिन्यात न चढण्याची विनंती केली जाते, सक्ती नाही, तरी सुरुवातीलाच जूनमधले क्लायंबर खूप कमी झाले. माझ्या मते अशा वेळी चढणाऱ्यांनीच चढणाऱ्यांना जाऊन सांगावं लागतं, आणि समितीचा खरा उपयोग तिथेच होतो.

मीटिंगचं थोडक्यात. विषय आधी पाठवा, प्रत्येक ठरावापुढे एका माणसाचं नाव आणि तारीख लिहा, 'आपण सगळे बघू' असं लिहिलं की कुणीच बघत नाही. पैशाचा हिशोब दोघांनी बघावा. कुणी छेडछाडीची किंवा त्रासाची तक्रार घेऊन आलं तर ती मीटिंगमध्ये मांडू नका, ग्रुपवर तर नाहीच, ऐकून घ्या, तिच्या किंवा त्याच्या शब्दांत लिहून ठेवा आणि संस्थेने त्यासाठी नेमलेल्या माणसाकडेच द्या, तसं कुणी नेमलेलंच नसेल तर समितीवर आल्यावर पहिली शिफारस हीच करा.

आणि हो, चढणं सोडू नका. सहा महिने नुसत्या मीटिंगा केल्या की माणूस वैतागतो आणि तो वैताग नवख्यांवर निघतो, माझा निघालाय.

मुदत संपत आली की शेवटच्या महिन्यात नाही तर तीन महिने आधीपासून नव्या माणसाला सोबत घ्या, मालकाकडे एकदा बरोबर नेऊन ओळख करून द्या, बोल्टची शीट, पासवर्ड, पावत्या, फर्स्ट एडची पेटी, ड्रिल, सगळं यादी करून सह्या घेऊन द्या. आमच्या ड्रिलच्या दोन बॅटऱ्या होत्या, दुसरी कुणाच्या घरी आहे ते अजून सापडलेलं नाही.