डोळ्यांसाठी पालेभाजी, पण तेलाशिवाय नको

ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारातून माठ, पालक किंवा शेवग्याचा पाला आणलात, की आधी धुवा, मग चिरा. लसणाची फोडणी देऊन ४-५ मिनिटंच परता. उकळून पाणी ओतून दिलंत तर क जीवनसत्त्व त्याबरोबर जातं. चौघांच्या भाजीला २ चमचे तेल हवंच. पाल्यातलं ल्युटीन आणि बीटा-कॅरोटीन, म्हणजे डोळ्यांना लागणारी रंगद्रव्यं, स्निग्धांशाशिवाय नीट अंगी लागत नाही. ‘डाएट’ म्हणून नुसती उकडलेली भाजी खाणाऱ्यांचं इथेच फसतं. गाजरही कच्च्यापेक्षा तुपावर परतलेलं बरं. अंड्याचा बलक टाकू नका, अंड्यातलं ल्युटीन त्यातच असतं. आठवड्यातून दोनदा बांगडा, तळण्याऐवजी कालवणात. चष्म्याचा नंबर मात्र यानं उतरत नाही. मधुमेह असेल तर वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा तपासून घ्याच.