मणिपूरच्या छावण्यांत काम करायला जाताय?

एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या) शेवटच्या वर्षाची पोरं हमखास विचारतात, "ताई, काउन्सेलिंगचा कुठला कोर्स करून जाऊ?" कोर्स जरूर करा, पण तिथे निम्मा वेळ बल्ब, पाणी आणि संडासात जातो. ३ मे २०२३ पासूनच्या मैतेई आणि कुकी-झो या दोन समाजांच्या संघर्षात सुमारे ६० हजार माणसं घराला मुकली. त्यांतल्या बायकांना समोर बसवून "काय झालं ते सांगा" म्हणू नका. आघातानंतर एका बैठकीत सगळं वदवून घ्यायला जागतिक आरोग्य संघटनेचाही नकार आहे.

कॉलेजच्या हॉलमध्ये चादरी टांगून केलेल्या आडोशात राहणाऱ्या एक मावशी झोप लागत नाही म्हणायच्या. आमच्या टीमने 'आघाताचं लक्षण' अशी नोंदही केली. नंतर शेजारणीकडून कळलं, की संडास मागच्या बाजूला, वाटेत मिट्ट काळोख. रात्री जावं लागेल या धास्तीने त्या जाग्याच राहायच्या. दिवा लागला, बायका जोडीने जाऊ लागल्या. झोप पुरती आली नाहीच, पण मावशी विणकामाच्या गटात येऊन बसल्या. संकटकाळातल्या मानसिक आधाराबद्दलच्या २००७ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही पायाला सुरक्षितता आणि रोजच्या गरजा आहेत, त्यावर कुटुंब-समाजाचा आधार, आणि तज्ज्ञ अगदी टोकाला.

असा गट छावणीतल्याच बाईने चालवावा. हात सुईदोऱ्यात असले की बोलणं आपसूक निघतं. नाही निघालं तरी बिघडत नाही. ती बाईही विस्थापितच असते हे मात्र संस्था सोयीने विसरतात. तिच्याशी दर आठवड्याला निवांत बोलणं हे तुमचं खरं काम. जीव द्यायची भाषा, खाणंपिणं सुटणं असं दिसलं तर मानसोपचारतज्ज्ञ गाठा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर पाठ असू द्या.

मैतेईंचं इंफाळ खोरं आणि कुकींचं डोंगराळ चुराचांदपूर यांच्यामध्ये सुरक्षा दलांचा पट्टा आहे. मैतेई तिकडे जात नाहीत, कुकी इकडे येत नाहीत; गाडी बहुधा दोन्हीत नसलेल्या पांगल, म्हणजे मणिपुरी मुसलमान, ड्रायव्हरची. बाहेरचे म्हणून तुम्हाला दोन्हीकडे जाता येतं, तेव्हा इकडचं तिकडे चुकूनही बोलू नका.

नोकरीचं म्हणाल तर करार तुटपुंज्या मुदतीचे असतात. मुलाखतीत पगाराआधी विचारा: दुभाषी कोण, तो कुठल्या समाजाचा, आणि पैसे संपल्यावर गट कोण चालवणार?