तीन फासे, मूठभर चिंचोके आणि अख्खं घर: सगळ्यांनी मिळून खेळायचा खेळ

उन्हाळ्यात लेकरं सुट्टीवर आलेली असतात, लग्नाचे पाहुणे मुक्कामी असतात, बाहेर ४४-४५ डिग्री आणि एका कूलरसमोर दहा-बारा जण पडलेले, कोणी मोबाईलमध्ये तं कोणी नुसतं लोळत. अशा वेळी सगळ्यांना एका सतरंजीवर आणणारा खेळ पायजे असतो. पत्ते काढले की चौघं खेळतात आणि बाकीचे पाहत बसतात, कॅरमला पण चारच, लूडो सुरू झालं की लहान पोट्टे अर्ध्यातच उठून जातात कारण डाव संपतच नाही. मी सांगतो तो खेळ तीन जणांपासून बारा-पंधरा जणांपर्यंत आरामात चालतो, शिकायला पाच मिनिटं पण लागत नाहीत, आणि डोकं लावायचं कामच नाही, सगळं नशिबावर. काही लोकांना हेच खटकतं, म्हणतात यात आपण काय खेळलो, पण माझ्या मते याची खरी मजा तिथंच आहे.

अमेरिकेत हा खेळ लेफ्ट सेंटर राइट या नावानं विकतात. त्याचे फासे वेगळे असतात, तीन बाजूंवर डावीकडे, मध्ये, उजवीकडे यांची इंग्रजी अक्षरं आणि बाकी तीन बाजूंवर नुसता ठिपका. तो डबा मागवायची काही गरज नाही, लूडोचे साधे तीन फासे घ्या, किराणा दुकानात नाही तं बाजाराच्या दिवशी खेळण्यांच्या दुकानावर मिळतात. त्यातल्या चिप्सच्या, म्हणजे मोजायच्या चकत्यांच्या, जागी चिंचोके. मार्च-एप्रिलमध्ये घरोघरी चिंच फोडून वर्षाची भरून ठेवतात, तेव्हाचे चिंचोके टोपलीभर पडलेले असतात, धुवून वाळवले की झालं. प्रत्येकी ३ लागतात, म्हणजे आठ जणांना २४. तुरीचे किंवा हरभऱ्याचे दाणे घेऊ नका, लय बारीक पडतात आणि सतरंजीत हरवतात. शेंगा घेतल्या तं लेकरं खेळ संपायच्या आधी खाऊन टाकतात. आणि पेरणीच्या पाकिटातलं सरकीचं बियाणं तं चुकूनही घेऊ नका, त्याला औषध लावलेलं असतं, तो हात तोंडात गेला तं भलतंच होऊन बसेल.

आता बसायचं कसं. गोल करा, सगळ्यांची तोंडं आतल्या बाजूला, मध्ये परात ठेवा आणि परातीत एखादा जुना टॉवेल किंवा पंचा पसरा, नाही तं स्टीलवर फासे आपटून इतका आवाज होतो की आतल्या खोलीत झोपलेलं लेकरू उठतं. आजी-आजोबांना खाली बसणं होत नसेल तं त्यांची खाट नाही तं खुर्ची गोलातच घ्या, बाजूला ठेवू नका. ज्यांना फाशावरचे ठिपके दिसत नाहीत त्यांचे आकडे शेजारच्यानं मोठ्यानं वाचायचे.

फाशाचा अर्थ असा लावायचा. १ पडला की एक चिंचोका डावीकडच्याला, २ पडला की एक मधल्या परातीशेजारच्या वाटीत, ३ पडला की एक उजवीकडच्याला. ४, ५, ६ पडला की तो चिंचोका आपल्याकडेच राहतो. हे एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून मध्ये ठेवून द्या, पहिल्या एक-दोन डावांनंतर कोणी त्याच्याकडे पाहत पण नाही. लेकरांचा डाव्या-उजव्यात गोंधळ होतो, त्यांच्या उजव्या हातात राखी नाही तं एखादा दोरा बांधून द्या.

ज्याच्याकडे जितके चिंचोके तितके फासे टाकायचे, पण तीनाच्या वर नाही. म्हणजे तुमच्याकडे पाच झाले तरी तीनच फासे, दोन असले तं दोन, एक असला तं एक. समजा तुमच्याकडे ३ आहेत आणि १, २, ५ असे फासे पडले, तं एक चिंचोका डावीकडे गेला, एक वाटीत गेला आणि एक राहिला, मधे शेजाऱ्याकडून काही आलं नाही तं पुढच्या पाळीला तुम्ही एकच फासा टाकणार. पाळी डावीकडे सरकत जाते. वाटीत गेलेला चिंचोका परत येत नाही. शेवटी ज्या एकाच माणसाच्या हातात चिंचोके उरतात तो जिंकला, आणि वाटी त्याची. बस, एवढाच खेळ.

पण एक नियम असा आहे जो नीट समजून घेतला नाही तं सगळी मजा जाते. चिंचोके संपले म्हणजे माणूस बाद झाला असं नाही. तो तिथंच बसून राहतो, फक्त त्याची पाळी आली की पुढे जायचं. त्याच्या उजवीकडच्याला १ पडला किंवा डावीकडच्याला ३ पडला की त्याच्याकडे चिंचोका आला आणि तो पुन्हा खेळात. म्हणून इथं कोणी उठून जात नाही, रिकाम्या हाताचा माणूस शेजाऱ्याच्या फाशाकडे सगळ्यात जास्त डोळे लावून बसतो. लूडोत किंवा रमीत मागे पडलेल्याला मन मारून डाव संपायची वाट पाहावी लागते, इथं शेवटच्या फाशापर्यंत कोणाचंही काहीही होऊ शकतं. दोघांच्याच हातात चिंचोके उरले की अख्खा गोल पुढे सरकून बसतो, आणि तेव्हाच एखाद्याला ३ पडतो आणि कधीचा शून्यावर बसलेला काका परत जिवंत होतो, मंग जो गलका होतो तो शेजारच्या घरापर्यंत जातो.

थोडा हिशोब पण पाहा, दहावी-बारावीतल्या पोरांना लय आवडतो. एका फाशाला चिंचोका राहायचा चान्स अर्धा आणि जायचा अर्धा. तीन फासे टाकले तं तीनही राहायचा चान्स ८ मधून १, आणि तीनही एका झटक्यात जायचा पण ८ मधून १. तीनच्या तीन वाटीत जायचा चान्स २१६ मधून १, ते झालं की समजा त्या माणसाचं नाव दिवाळीपर्यंत निघत राहणार. वाटीत सरासरी सहा फाशांमागे एक चिंचोका जातो, म्हणजे आठ जणांच्या २४ चिंचोक्यांच्या डावात साधारण सव्वाशे-दीडशे फासे पडतात, तीन-तीन फासे एकदम पडतात म्हणून पाव तासाच्या आसपास डाव उरकतो. या हिशोबात वय, शिक्षण, अनुभव कुठंच नाही. सहा वर्षांच्या पोरीचा फासा आणि तहसील ऑफिसातून रिटायर झालेल्या आजोबांचा फासा एकसारखाच पडतो, आणि हरलेल्याला कोणी “तू चुकलास” म्हणू शकत नाही. एकत्र घरात ही लय मोठी गोष्ट आहे, नवीन आलेली सून, जावई, लांबून आलेले पाहुणे, सगळे पहिल्याच डावात बरोबरीत बसतात आणि हात चालू असताना गप्पा पण चालू राहतात.

फासा परातीबाहेर गेला किंवा परातीच्या काठाला टेकून तिरपा राहिला तं तो परत टाकायचा, हे आधीच ठरवून ठेवा, भांडणं सगळी यावरूनच होतात. हातात घासून हळूच ठेवणारे पण असतात, त्यांच्यासाठी फुलपात्रात हलवून टाकायचा नियम करा. गावातल्या सुताराकडून सागाच्या तुकड्याचे फासे करून घेतले तं आधी एक-एक फासा ६० वेळा टाकून पाहा, प्रत्येक बाजू दहाच्या आसपास यायला पायजे, एखादी वीस वेळा आली तं तो फासा एका बाजूनं जड आहे. कवड्या टाकून हा खेळ करू नका, उपडी आणि उताणी पडायचा चान्स सारखा नसतो आणि सगळा हिशोब बिघडतो.

आता पैशाचं बोलतो, हे मी मनापासून सांगतोय. या खेळात पैसे लावायचे नाहीत. दहा-दहा रुपयांनी सुरू करू म्हणणारा एक जण प्रत्येक घरात निघतो. पोळ्याच्या आसपास आपल्याकडे पत्त्यांचे डाव कसे बसतात आणि त्यात कोणाकोणाचं काय काय जातं हे गावात सगळ्यांना माहीत आहे, पोलिसांच्या धाडी पडतात त्या महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक कायद्याखाली, तो १८८७ चा आहे, आणि निव्वळ नशिबाच्या खेळावर पैसा लावणं त्यात सरळ बसतं. फाशावर घर गेल्याच्या गोष्टी तं आपल्या मातीतच आहेत. दमयंती विदर्भाची, वर्धा नदीच्या काठचं कौंडण्यपूर म्हणजे तिच्या बापाचं कुंडिनपूर असं मानतात, आणि तिच्या नलराजानं पुष्करासोबत फासे खेळून राज्य घालवलं. त्याच्याही आधी ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात जुगाऱ्याचं अख्खं सूक्त आहे, फासे बेहड्याच्या फळांचे, तोच बेहडा जो मेळघाटच्या जंगलात आहे आणि त्रिफळा चूर्णात पडतो, आणि त्या सूक्तातला माणूस बायको दुरावली म्हणून रडतोय. चिंचोक्यावर खेळलं तं धडधड तेवढीच होते आणि सकाळी कोणाचं तोंड उतरलेलं नसतं. बक्षीस पायजेच असेल तं गूळ-शेंगदाण्याची वाटी ठेवा, नाही तं जिंकणाऱ्याला आंघोळीचा पहिला नंबर, पाहुण्यांच्या घरात याच्यापेक्षा मोठं बक्षीस नाही.

कोजागिरीला हा खेळ खास जमतो. त्या रात्री जागून फासे खेळायचं जुन्या व्रतात सांगितलेलंच आहे, आणि दूध आटेपर्यंत गच्चीवर वेळ काढायचाच असतो, भुलाबाईची गाणी झाली की परात मांडा. माणसं कमी असतील, तीन-चारच, तं प्रत्येकी पाच चिंचोके घ्या म्हणजे डाव लगेच आटपत नाही. पंधराच्या वर झाली तं दोन गोल करा आणि दोन्हीकडचे विजेते शेवटी समोरासमोर बसवा. दोघांत डावं-उजवं एकच होतं, म्हणून तिथं १ आणि ३ दोन्हीला समोरच्याला द्यायचा. पोरांना जरा चटका पायजे असेल तं ६ पडल्यावर कोणाकडूनही एक चिंचोका उचलायची मुभा द्या, पण मग राग-रुसवे येतात, लहान लेकरं असताना मी तं हा प्रकार टाळतोच.

तीन वर्षांच्या आतलं लेकरू असेल तं त्याला कोणाच्या तरी मांडीवरच ठेवा, फासे आणि चिंचोके दोन्ही नाका-तोंडात जायच्या मापाचे आहेत. उठताना चिंचोके मोजून डब्यात भरा, आणि एक जरी कमी भरला तं आधी त्या लेकराची मूठ आणि तोंड पाहा, मंग सतरंजी झटका.