ट्रॅक्टरच्या बॅटरी केबलला घरी लग दाबताना

गळीत हंगामात वाळवा, पलूस, कराडकडे ट्रॅक्टर पहाटे सेल्फ मारला की नुसता 'कट्' करून गप्प बसतो आणि माणसं आधी बॅटरी बदलतात. कितीदा तरी दोष केबलच्या टोकाला, बोल्टला जोडायला दाबून बसवलेल्या धातूच्या नळीत म्हणजे लगमध्ये असतो. सेल्फ ३०० अँपिअर ओढत असताना लगमध्ये ५ मिलिओहम रोध असला, तर दीड व्होल्ट तिथेच जातो.

केबल, लग आणि डाय (लग दाबायचा साचा) एकाच मापाचे हवेत. जुनी केबल ५० स्क्वेअर एमएम असेल तर नवी ३५ची नको. लगवर '५०-१०' असं असतं: ५०ची केबल, १० एमएमचा बोल्ट. लग वरून पांढरा दिसतो तो कथलाच्या मुलाम्यामुळे. कोपरा कानशीने घासा, आत तांबं दिसलं पाहिजे. केबलची एक तारही खरवडून बघा. आत पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे, घेऊ नका.

षटकोनी डायचं हायड्रॉलिक क्रिंपिंग टूल मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे मिळतं. हातोडा-छिन्नीने ठोकलेला लग वरून घट्ट वाटतो, पण आत तारांमध्ये पोकळी राहते. तिथे ओल शिरते, तांबं हिरवं पडतं, लग तापतो.

आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा. केबल कटरने सरळ कापा, करवतीने तारा फिसकटतात. जुन्या केबलच्या तारा काळ्या असतील तर चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे कापा. लगच्या नळीपेक्षा २-३ एमएम जास्त रबर सोला. ब्लेड रबरात अर्धंच घाला आणि वाकवून तोडा. तारांवर चर पडली तर त्या तिथेच तुटतात. आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह (तापवली की आवळणारी नळी) आत्ताच केबलवर सरकवून ठेवा, नंतर ती लगवरून जात नाही.

सगळ्या तारा आत गेल्या पाहिजेत. जाड करायला तार दुमडणं किंवा मावत नाही म्हणून चार तारा छाटणं, दोन्ही चूक. पहिला दाब बोल्टच्या भोकाकडे, दुसरा केबलकडे. बाजूला पातळ कान निघाले तर डाय लहान पडला. लग हाताने फिरला तर मोठा. म्हणून आधी एक लग तुकड्यावर दाबून मधोमध कापा: तारा एकमेकींत दबून भरीव दिसल्या पाहिजेत, फट दिसता कामा नये.

वरून कथील ओतू नका. ते तारांत चढून केबल कडक करतं आणि कडक भाग संपतो तिथे हादऱ्याने तारा तुटतात.

स्लीव्ह गरम करून कडेने गोंद बाहेर येऊ द्या; पाटण-महाबळेश्वरच्या पावसात हाच गोंद पाणी अडवतो. केबल जोडताना निगेटिव्ह शेवटी.

आता गिअर न्यूट्रल, इंजिनचा स्टॉप ओढलेला. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटीवर, दुसरी सेल्फच्या बोल्टवर धरून सेल्फ मारायला सांगा. ०.५ व्होल्टच्या आत हवं. मग निगेटिव्ह खुंटी आणि इंजिनची बॉडी तपासा. तिथे जास्त आलं तर अर्थिंगच्या बोल्टखालचा रंग खरवडा आणि परत मोजा.